लहान मुलांना घेऊन इमॅजिकाला जायचंय? मग आधी भिंतीवर उंची मोजा

मुलं सहा वर्षांच्या आतली असतील तर खोपोलीजवळच्या इमॅजिका थीम पार्कचं प्लॅनिंग तिकिटापासून सुरू करू नका, भिंतीपासून करा. मुलाला अनवाणी भिंतीला पाठ टेकवून उभं करा, डोक्यावर सपाट पुस्तक ठेवा, पेन्सिलीने खूण करा आणि टेप लावून सेंटिमीटरमधला आकडा लिहून घ्या. राईडवर वय कोणी विचारत नाही. तिथे उंचीची पट्टी असते, आणि मूल त्या पट्टीच्या खाली राहिलं की विषय संपला, मग तुम्ही कितीही सांगा की अहो दोन महिन्यांत पाच पूर्ण होतायत.

अंदाज हवा असेल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या चार्टमधली मधली उंची अशी आहे: ३ वर्षांचं मूल साधारण ९५-९६ सेंमी, ४ वर्षांचं १०३ च्या आसपास, ५ वर्षांचं ११० च्या जवळ. ही मधली उंची आहे, म्हणजे अर्धी मुलं याच्या खालीच असतात, त्यामुळे आपलं लेकरू कमी भरलं म्हणून लगेच डब्यात शेंगदाण्याचे लाडू वाढवायची गरज नाही. आणि एक विनंती, जाड सोलचे बूट घालून किंवा डोक्यावर अंबाडा बांधून दोन सेंमी वाढवायचा उद्योग करू नका. सीटवरचा बार ठरावीक अंगलटीला धरून ठेवायला बनवलेला असतो, त्यापेक्षा लहान मूल त्यातून सटकू शकतं, नियम त्यासाठी आहे.

हा आकडा हातात आला की पार्कच्या साइटवर जाऊन प्रत्येक राईडची उंचीची अट बघा आणि तीन याद्या करा. मूल बसू शकेल अशा राईड, मोठ्या माणसाबरोबर बसू शकेल अशा राईड, आणि फक्त मोठ्यांच्या राईड. ही यादी फॅमिलीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आदल्या आठवड्यात टाका. काका, मामा, आजी सगळ्यांना आधीच कळतं की नायट्रो हा मोठा रोलर कोस्टर पोरांसाठी नाहीये, आणि मग तिथे गेटवर "अगं पण बसव ना तिला, काय होतंय" ही चर्चा होत नाही.

कुठलं पार्क ते आधी ठरवा

इमॅजिका खोपोली-पाली रोडवर, खालापूर तालुक्यात आहे. २०१३ मध्ये अ‍ॅडलॅब्ज इमॅजिका या नावाने सुरू झालं, आता मालपाणी ग्रुपकडे आहे. पण त्या एकाच आवारात तीन वेगळ्या गोष्टी आहेत: थीम पार्क, वॉटर पार्क आणि स्नो पार्क. तिकिटं वेगवेगळी, आणि बरेच लोक इथेच गडबड करतात, कॉम्बो ऑफर दिसली की "चला दोन्ही करू" म्हणतात. सहाच्या आतलं मूल असेल तर एका दिवसात एकच. वॉटर पार्कमध्ये दोन तास खेळलेलं चार वर्षांचं मूल नंतर कशालाच तयार नसतं, ते फक्त झोपायला तयार असतं.

माझं मत विचाराल तर तीन वर्षांखालचं एकुलतं एक मूल असेल तर थीम पार्कला अजून वर्षभर थांबा. त्या वयाला मेरी-गो-राऊंड आणि कारंजं एवढंच हवं असतं, ते गावच्या जत्रेत पण मिळतं. मोठं भावंड सहा-सात वर्षांचं आहे आणि धाकटं दोनचं, असं असेल तर मात्र जा, फक्त धाकट्याकडून काही अपेक्षा ठेवू नका. साडेतीन-चारच्या पुढे खरी मजा सुरू होते, कारण तेव्हा मुलाला गोष्ट कळते, आणि इमॅजिकातल्या बऱ्याच राईड गोष्टीवरच चालतात.

काय मुलांना झेपतं, काय नाही

लहानांसाठी सगळ्यात सेफ म्हणजे मॅजिक कॅरोसेल, म्हणजे आपलं मेरी-गो-राऊंड, आणि टबी टेक्स ऑफ, ज्यात उडणाऱ्या हत्तीत बसून गोल फिरायचं असतं. टबी हा पार्कचा हत्ती, दिवसभर त्याचं चित्र सगळीकडे दिसत राहतं. या दोन राईडवर मूल परत परत जायला मागेल आणि तुम्ही जाऊ द्या. आपल्याला वाटतं एवढे पैसे भरून हे काय तेच तेच, पण मुलाला तेच तेच आवडतं.

अलिबाबा और चालीस चोर हा अंधारातला पण मजेशीर प्रकार आहे, गाडीत बसून बंदुकीने नेम धरायचा आणि पॉइंट मिळवायचे. अंधाराला न घाबरणारं चार-पाच वर्षांचं मूल हे एन्जॉय करतं, आणि बाबा लोक तर मुलापेक्षा जास्त सिरीयसली घेतात. आय फॉर इंडिया मध्ये मोठ्या घुमटाकार पडद्यासमोर पाय लोंबकळत ठेवून देशभर उडत फिरल्यासारखं वाटतं, आजी-आजोबांना हीच सगळ्यात जास्त आवडते असा आमच्या घरचा अनुभव, उंचीची भीती नसेल तर.

राजासॉरस रिव्हर अ‍ॅडव्हेंचर ही बोटीची राईड, डायनोसॉर आणि शेवटी पाण्यात घसरगुंडी. घरात डायनोसॉरवेडं पोर असेल तर त्याला आधी सांगून ठेवा की राजासॉरस हा खरा, भारतातला डायनोसॉर आहे, गुजरातमध्ये नर्मदेच्या खोऱ्यात त्याचे जीवाश्म मिळाले आणि २००३ मध्ये त्याला राजासॉरस नर्मदेन्सिस हे नाव मिळालं. मग बोटीत तो भीतीने रडायच्या ऐवजी तुम्हालाच माहिती देत बसेल. पण शेवटचा ड्रॉप आहे, अंगावर पाणी येतं, उंचीची अट आहे, ते बघून ठरवा.

मिस्टर इंडिया राईडमध्ये सीट जोरात हलतात, गाडी लागणाऱ्या मुलांना नको. राथ ऑफ द गॉड्स हा आग-पाणी-वाऱ्याचा शो आहे, आवाज मोठा, बरीच लहान मुलं पहिल्याच गडगडाटाला आईच्या कुशीत तोंड लपवतात. आवाजाला घाबरणारं मूल असेल तर सोडून द्या, किंवा मागे दाराजवळ थांबा. सालिमगढ हे भुताचं आहे, तिथे लहान मुलांना नेऊच नका, रात्री झोपेत किंचाळणं तुम्हालाच निस्तरायचंय.

नायट्रो, स्क्रीम मशीन, डेअर टू ड्रॉप, डीप स्पेस, हे सगळं मोठ्यांचं. ते कसं जमवायचं ते खाली सांगते.

तारीख

शनिवार-रविवार, दिवाळीची सुट्टी, नाताळचा आठवडा, मे महिना, आणि सोमवार किंवा शुक्रवारला जोडून आलेली कुठलीही सुट्टी, हे टाळता आलं तर टाळाच. बालवाडीतल्या मुलाची एक दिवस शाळा बुडाली तर काही बिघडत नाही, पहिली-दुसरीत गेल्यावर हे जमणार नाहीये, आत्ताच फायदा घ्या. डिसेंबर-जानेवारीत मधल्या वारी शाळांच्या सहली येतात हे मात्र लक्षात ठेवा, गेटवर एकदम दहा बस उभ्या दिसल्या तर दचकू नका, ती मोठी मुलं पळत रोलर कोस्टरकडे जातात, हत्तीच्या राईडला त्यांचा फारसा त्रास नसतो.

हवा म्हणाल तर नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारी बेस्ट. एप्रिल-मेमध्ये घाटाच्या पायथ्याला दमट ऊन असतं, लहान मुलं दोन तासात कोमेजतात. पावसाळ्यात गर्दी कमी आणि डोंगर हिरवेगार, दिसायला मस्त, पण खोपोलीचा पाऊस म्हणजे पाऊस असतो, आणि जोरात पाऊस किंवा विजा असल्या की उघड्यावरच्या राईड थांबवतात. इनडोअर शो चालू राहतात, त्यामुळे दिवस अगदीच वाया जात नाही, पण मुलाला हत्तीचं प्रॉमिस दिलं असेल तर अडचण होते.

तिकीट आणि पैसे

तिकिटाचे दर तारखेनुसार बदलतात, म्हणून इथे आकडा लिहीत नाही, ऑनलाईन बघा आणि घरूनच काढा. तिथेही मुलांच्या तिकिटाला उंची बघतात, तेव्हा भिंतीवरचा आकडा पुन्हा कामाला येतो. अगदी लहानग्यांना फुकट असतं, ती हद्द नेमकी किती ते बुकिंग करताना वाचा. सीनियर सिटिझनचं तिकीट वेगळं असेल तर आजोबांचं आधार कार्ड बरोबर घ्या, फोटो चालतो का विचारत बसण्यापेक्षा कार्डच घ्या.

एक्स्प्रेस पास विकतात, त्याने रांग कमी होते. सगळ्यांसाठी काढू नका. त्याचा खरा उपयोग मोठ्या राईडवर होतो आणि तुमचं अर्ध कुटुंब तिथे बसणारच नाहीये. गर्दीच्या दिवशी गेलात आणि घरात एक-दोन जण रोलर कोस्टरवेडे असतील तर फक्त त्यांच्यासाठी विचार करा.

बजेट काढताना लोक तिकीट आणि पेट्रोल धरतात आणि बाकीचं विसरतात: टोल, पार्किंग, लॉकर, आतलं जेवण, पाणी, आणि राईडमधून बाहेर पडल्यावर समोर येणारं ते खेळण्यांचं दुकान. दुकान चुकवता येत नाही, रस्ताच तिथून असतो. त्यामुळे घरीच सांगून टाका, एक वस्तू, अमुक रुपयांपर्यंत, आणि ती निघताना घ्यायची. सकाळी घेतली तर दिवसभर तुम्हीच धरून फिरणार, आणि दुपारी हरवली की रडारड.

जायचं कसं

मुंबईहून साधारण ८० किलोमीटर, पुण्याहून ९० च्या आसपास. एक्स्प्रेसवेवरून खोपोली-पालीकडे उतरायचं. पार्क सकाळी लवकर उघडत नाही, त्यामुळे पहाटे चारला मुलांना उठवून आंघोळ घालायची काही गरज नसते. मुलाला त्याच्या नेहमीच्या वेळेला उठू द्या, झोप पूर्ण झालेलं मूल म्हणजे अर्धा दिवस जिंकला. गेट उघडायच्या अर्धा तास आधी पोचलात की पुरे.

पुणेकरांना एक जास्तीचं काम आहे, घाट. बोरघाट उतरताना भरल्या पोटी बरीच मुलं उलटी करतात, आणि मग पार्कमध्ये शिरतानाच कपड्याचा पहिला सेट संपतो. घरून फक्त हलकं काहीतरी द्या, कोरडा टोस्ट किंवा दशमीचा तुकडा, दूध नको, आणि खरा नाश्ता घाट उतरल्यावर. मोबाईल घाटात हातात देऊ नका, खाली बघून जास्त मळमळतं, खिडकीतून लांब बघायला सांगा, ट्रक मोजायला लावा. गाडी लागायची नेहमीची सवय असेल तर औषध आणि त्याचा डोस आपल्या डॉक्टरला विचारूनच, मेडिकलवाल्याच्या भरवशावर नको. मुंबईकरांना घाट लागत नाही, त्यांनी खालापूरच्या फूड मॉलला नाश्ता उरकून घ्यावा.

गाडीत मूल मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसायचं नाही. मोटार वाहन कायद्यात १४ वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा चाईल्ड सीट नसेल तर १,००० रुपये दंड आहे, पण दंड जाऊ दे, एक्स्प्रेसवेवर गाड्या कशा पळतात ते आपण बघतोच.

ट्रेनने यायचं तर खोपोलीपर्यंत लोकल आहे, थेट गाड्या मोजक्या, नाहीतर कर्जतला बदलायची. खोपोली स्टेशनवरून पुढे रिक्षा. दोन मुलं, आजी आणि बॅगा असतील तर मी तरी हे करणार नाही, पण एकच मूल असेल तर ट्रेन हीच त्याच्यासाठी पहिली राईड असते.

बॅग

आत बाहेरचं खाणं नेऊ देत नाहीत, बाळाचं खाणं, दूध आणि औषधं साधारण चालतात, तेव्हा दोन वर्षांच्या मुलाचा खिमट किंवा मऊ भात वेगळ्या छोट्या डब्यात ठेवा आणि सिक्युरिटीला सरळ दाखवा. बाकी घरचे डबे, म्हणजे थालीपीठ, धपाटे, शेंगदाण्याची चटणी जे काय असेल ते, गाडीत ठेवा, जाताना-येताना खायला.

बॅगेत प्रत्येक मुलाचे कपड्याचे दोन सेट, एक पातळ टॉवेल, एक पातळ स्वेटर किंवा जॅकेट (एसी हॉलमध्ये गारठा असतो), टोपी, ओआरएसची पाकिटं, ताप-उलटीचं नेहमीचं औषध, बँडएड, ओले वाइप्स, ओल्या कपड्यांसाठी प्लास्टिक पिशव्या, पॉवर बँक. मुलाची डायपरची सवय सुटून सहा महिने झाले असतील तरी दोन डायपर घ्या, रांगेत अर्धा तास उभं राहिल्यावर "आई, शू" हे वाक्य येतंच. पायात मागे पट्टा असलेले सँडल किंवा बूट, स्लिपर नको, राईडवर निघून पडतात. कपडे सुती आणि भडक, सगळ्या मुलांना एकाच रंगाचे टी-शर्ट घातलेत तर गर्दीत शोधायला बरं पडतं. घडी होणारा हलका स्ट्रोलर असेल तर न्या, मूल चार वर्षांचं असलं तरी, दुपारनंतर ते चालणार नाही आणि पंधरा किलोचं पोर खांद्यावर घेऊन कुठवर फिराल.

आत गेल्यावर, तासातासाने

शिरल्या शिरल्या दोन कामं. एक, मुलाचा आत्ता घातलेल्या कपड्यात फोटो काढा, हरवलं तर "निळा टी-शर्ट होता की हिरवा" यावर नवरा-बायकोचं भांडण नको. दोन, मुलाच्या मनगटावर बॉलपेनने तुमचा मोबाईल नंबर लिहा आणि वर पारदर्शक सेलोटेप लावा, पाण्यात पुसत नाही. मग शोचं टाईमटेबल विचारून घ्या, परेड किती वाजता ते खास.

पहिले दोन तास सोन्याचे असतात, रांगा छोट्या, ऊन कमी, मूल ताजं. या वेळात मुलाच्या यादीतल्या राईड आधी करा, मोठ्यांच्या नाही. बहुतेक कुटुंबं उलट करतात, आधी बाबांची नायट्रो, आणि तोपर्यंत पोर कंटाळून जमिनीवर लोळतंय.

पाण्याच्या राईड, म्हणजे राजासॉरस, आणि स्प्लॅश अहोय जिथे बोटीतून एकमेकांवर पाण्याच्या बंदुका चालवायच्या असतात, त्या बाराच्या सुमारास, जेवणाच्या लगेच आधी. भिजले की तिथून थेट बाथरूममध्ये, कपडे बदलायचे, आणि मग जेवण. भिजलेल्या अंगाने एसी शोमध्ये बसवलंत तर दुसऱ्या दिवशी सर्दी ठरलेली, निदान सासूबाई तरी तसंच म्हणणार. जेवणाला एक-दीडला सगळा पार्क एकदम तुटून पडतो, जमलं तर साडेबारालाच बसा. ऑर्डर साधी द्या, मुलाने घरी खाल्लेलं काहीतरी, भात, इडली, पोळी असं. आज पहिल्यांदा तिखट नूडल्स खाऊन बघायचा दिवस नाही.

जेवणानंतर दोन ते चार हा झोपेचा वेळ, आणि या वेळात काहीही ठरवू नका. स्ट्रोलर सावलीत लावा, तोंडावर पातळ ओढणी, वारा लागेल अशी, आणि एक मोठं माणूस तिथे बसेल. आवारातच नोव्होटेल हॉटेल आहे, तिथे राहायचं असेल तर मुलाला खोलीत झोपवून परत येता येतं का ते सकाळी गेटवरच विचारून घ्या. मूल झोपतच नसेल तर निदान बसवून ठेवा, पाणी पाजा, घोटघोट ओआरएस द्या.

हाच मोठ्यांच्या राईडचा वेळ. दोन-दोनच्या जोड्या करा, एक जोडी रांगेत, दुसरी मुलांजवळ, मग अदलाबदल. राईडच्या तोंडाशी उभ्या स्टाफला विचारायला लाजू नका की एक जण बसून आला की दुसऱ्याला रांग न लावता सोडाल का, गर्दी कमी असली तर कधी कधी सोडतात. आजी-आजोबांवर तिन्ही पोरं टाकून सगळे तरुण एकदम गायब व्हायचं नाही, एका आजीमागे एकच पळणारं मूल एवढंच गणित. आजोबांना गुडघ्याचा त्रास असेल तर शो आणि आय फॉर इंडिया त्यांच्यासाठी राखून ठेवा. बीपी, हार्टचं काही असेल किंवा घरात कोणी गरोदर असेल तर राईडबाहेरचा बोर्ड वाचल्याशिवाय आत शिरू नका.

चारनंतर मूल परत चार्ज होतं. सकाळी जे सगळ्यात आवडलं तेच पुन्हा करा, नवीन काही भीतीदायक नको. संध्याकाळी परेड असते, ती लहान मुलांना रोलर कोस्टरपेक्षा जास्त लक्षात राहते असं माझं निरीक्षण आहे. वीस मिनिटं आधी जाऊन रस्त्याच्या कडेला पुढे बसा, मुलाला खांद्यावर घेतलं तर मागच्यांना दिसत नाही, खाली पुढे बसवलं तर सगळ्यांना दिसतं.

मूल रडत असेल, हट्ट करत असेल तर आधी भूक, मग शू, मग झोप, मग उकाडा या क्रमाने तपासा. बहुतेक वेळा यातलंच एक निघतं. आणि रांगेत उभं राहून ऐन वेळेला "मला नाही बसायचं" म्हणालं तर बाहेर या. पाऊण तास गेला म्हणून ओढत नेऊ नका, पुढच्या दहा राईडना ते मूल नाही म्हणेल.

मूल हरवलं तर

घरी आठवडाभर आधी खेळ म्हणून शिकवा: आई दिसेनाशी झाली की जिथे आहेस तिथेच उभं राहायचं, आईचं पूर्ण नाव मोठ्याने ओरडायचं, "आई आई" नाही कारण तिथे शेकडो आया आहेत, आणि गळ्यात ओळखपत्र घातलेल्या काकू-काकांना किंवा लहान मूल बरोबर असलेल्या बाईला सांगायचं. तुमच्या बाजूने, एक जण मूल शेवटचं दिसलं तिथेच थांबेल, दुसरा लगेच जवळच्या स्टाफला फोटो दाखवेल. दहा मिनिटं आपापलं शोधून मग सांगू, असं करू नका. पार्कबाहेर, स्टेशनवर वगैरे असं झालं तर ११२, आणि मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाईन.

परत येताना

बंद व्हायच्या अर्धा तास आधी निघा, नाहीतर पार्किंगमधून बाहेर पडायलाच तेवढा वेळ जातो. निघायच्या आधी बाथरूममध्ये मुलांचे हातपाय-तोंड धुवा, थेट रात्रीचे कपडे घाला, गाडीत दहीभात किंवा पोळीचा रोल भरवा, पंधरा मिनिटांत सगळी मागे आडवी. पुण्याकडे जाणाऱ्यांनी घाट चढायच्या आधी भरवणं संपवा आणि थोडं थांबा. गाडी चालवणाऱ्याने दुपारी राईडच्या मागे न धावता तासभर पाठ टेकलेली असावी, रात्रीच्या एक्स्प्रेसवेवर डुलकी परवडत नाही, झोप येत असेल तर खोपोलीत किंवा लोणावळ्यात सरळ मुक्काम करा.

मुक्काम केलात तर दुसऱ्या दिवशी परत राईड नको. महडचा वरदविनायक खोपोलीजवळच आहे, आणि त्याच रस्त्याने पुढे पालीचा बल्लाळेश्वर, अष्टविनायकातले दोन एका सकाळीत होतात, आजी खूश, आणि मुलांना देवळाच्या आवारात पळायला जागा. नऊच्या आत दर्शन घेतलंत तर दुपारच्या जेवणापर्यंत घरी.

ओले कपडे मात्र त्याच रात्री पिशवीतून बाहेर काढा.